अठरा गाई, एकोणीस घंटा

ज्या वर्षी जुलैत उर्सिनाच्या आईला जुळं झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे, रात्रंदिवस रडारड, आणि अकरा वर्षांच्या उर्सिनाकडे बघायला कुणाला सवड नाही! म्हणून शरदाची सुट्टी लागताच उएलीमामाने तिला आपल्या निळ्या व्हॅनमध्ये बसवलं. सोबत मामाचा मुलगा फ्लुरिन आणि खालच्या मजल्यावरची दहा वर्षांची मेरेट. आपलं शहर बाझेल सोडल्याला पाच दिवस झाले होते आणि गाडी चौथ्या देशात शिरली होती.

पण उर्सिनाचं पोटातलं दुखणं काही बाझेलला राहिलं नव्हतं. पुढची सीट फ्लुरिनला. नकाशा फ्लुरिनच्या मांडीवर. घाटात रस्ता चुकला की मामा म्हणणार, "थांबा, माझ्या वाघाला विचारू!"

"वाघ म्हणे!" उर्सिना मागून पुटपुटली.

"हळू, ऐकेल तो," भाजलेलं चेस्टनट सोलत मेरेट म्हणाली.

"ऐकू दे की!"

संध्याकाळी ते डोंगरमाथ्यावर पोहोचले. मामाचा जुना दोस्त प्लाट्नर याचा गोठा तिथे होता. उन्हाळाभर वर चरलेल्या त्याच्या गाई दुसऱ्या दिवशी खाली गावात उतरायच्या होत्या. कळपाच्या पुढे चालणाऱ्या नेल्के गाईसाठी हातभर उंच मुकुट तयार होता. हिरव्या फांद्या, कागदी गुलाब आणि मधोमध लखलखता आरसा!

"अठरा वर आल्या, अठरा खाली चालल्या!" प्लाट्नर मिशीत हसला. "एकही जनावर दगावलं नाही, तरच कळपाला फुलं माळायची, अशी आमच्याकडची रीत. खाली हजारभर माणसं येतील बघायला!" आणि त्याने फ्लुरिनच्या पाठीवर थाप मारली. "नेल्केच्या पुढे काठी घेऊन तू चालायचं, गड्या!"

उर्सिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. "जळो तो मुकुट!" ती सगळ्यांदेखत ओरडली.

सकाळी बघतात तर मुकुट गायब!

शेजारचे चार शेतकरी गाई हाकायला वर आले होते. त्यांच्यासमोर प्लाट्नर उर्सिनाकडे बोट दाखवून गरजला, "हिनेच केलं! काल काय बोलली, ऐकलंत ना?"

"उर्सिना, खरं सांग," मामा म्हणाला.

"मी नाही घेतला!"

"दहाला कळप निघणार. तोवर मुकुट सापडला नाही, तर इथूनच बाझेलला परत. आईला काय सांगायचं, ते तुझं तू बघ."

आईला! दोन बाळांपुढे आधीच तिची आठवण कुणाला नव्हती. आता आठवण येणार, ती चोर म्हणून.

"बाबा, तिने नाही घेतला," फ्लुरिन म्हणाला. "रागात ती तोंडावर ओरडते. चोरून काही करत नाही."

"तुझी साक्ष नकोय मला!" उर्सिना फणकारली. मेला चांगलासुद्धा तोच ठरणार!

ती तरातरा गोठ्यात गेली. मेरेट मागोमाग होतीच. गाई बाहेर काढल्या होत्या. मेरेट उगाच गाई बांधायच्या जागा मोजत बसली. "सतरा, अठरा, एकोणीस... ए उर्सी! गाई अठरा, मग जागा एकोणीस कशा?"

"असेल एक रिकामी."

"रिकामी? मग इथला मिठाचा खडा कुणी चाटला? मी?"

उर्सिना वाकली. खडा चाटून चाटून निम्मा झाला होता. म्हणजे इथे कुणीतरी होतं. याच उन्हाळ्यात! मागच्या दाराशी कागदी गुलाबाची एक लाल पाकळी पडली होती. पुढे पायवाटेवर दुसरी. वाट थेट कड्यावरच्या छोट्या प्रार्थनाघराकडे जात होती.

"मी पण येतो," मागून आवाज आला. फ्लुरिन!

"का? तुझ्यावाचून काही सापडत नाही वाटतं? जा, नकाशा वाच!"

"वाचवत नाही गं तो!" फ्लुरिन एकदम ओरडला. "चालत्या गाडीत वाकून बघितलं की पोटात ढवळतं. बाबांना एवढं कौतुक, सांगणार कसं? पाच दिवस पुढे बसून मी तुमचं खिदळणं ऐकतोय. जळत होतो नुसता!"

उर्सिना बघतच राहिली. तिच्यावर जळणारं कुणी जगात असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, तिला जरा बरंच वाटलं!

"चल," ती म्हणाली. "पण पुढे मी!"

प्रार्थनाघरात मुकुट होता, मेरीमातेच्या मूर्तीच्या पायाशी. शेजारी गाईच्या गळ्यातली घंटा होती. तिच्या चामडी पट्ट्यावर नाव होतं, 'मिर्टे'. आणि बाकावर प्लाट्नरचा म्हातारा गुराखी लोइस टोपी हातात घेऊन बसला होता.

"मुकुट चोरल्याचा आळ माझ्यावर आलाय. मिर्टे कोण, आजोबा?" उर्सिनाने हळूच विचारलं.

"कालवड होती, माझी लाडकी," लोइस म्हणाला. "गारपिटीत बिथरली आणि कड्यावरून गेली. मालक म्हणाला, 'जाहिराती लागल्यात गावात, एका कालवडीपायी सोहळा बुडवू? तोंड बंद ठेव.' चाळीस वर्षं गुरं राखली मी, पोरी. जनावर मेलेल्या साली फुलं नाही माळली कधी. पण तुझ्यावर आळ येईल, हे नव्हतं ध्यानात आलं. चल, सांगतो सगळ्यांना."

"तुम्हाला कामावरून काढेल तो!" मेरेट म्हणाली.

"मग दुसरं काहीतरी करू," उर्सिना म्हणाली. एकटीने मिरवायची संधी होती, पण घंटा तिला उचलेना. तिने दात-ओठ खात फ्लुरिनला हाक मारली. "धर दुसरीकडून!"

दहाला पाच मिनिटं कमी असताना तिघं अंगणात आली. पुढे मुकुट घेतलेली मेरेट, मागे घंटा घेतलेली ती दोघं.

"सापडला!" प्लाट्नर हर्षाने धावला. "आणा इकडे!"

"सापडला, पण काका, एक घंटा जास्त आहे!" उर्सिना खणखणीत आवाजात म्हणाली. "गाई अठरा, घंटा एकोणीस. मिर्टेची घंटा कुणाच्या गळ्यात घालू?"

चारही शेतकऱ्यांनी तिच्याकडे, मग गाईंकडे पाहिलं. त्यातला एक बोटाने मोजू लागला. मोजून झाल्यावर त्याने टोपी काढली. बाकीच्या तिघांनीही काढली.

"प्लाट्नर," तो म्हणाला, "मिर्टे कुठे आहे?"

प्लाट्नर लालबुंद झाला. शेवटी मेरेटच्या हातातला मुकुट घेऊन स्वतःच तो गोठ्यात ठेवून आला. "पोरी, चुकलो मी," तो उर्सिनाला म्हणाला. "माझ्या खोट्यापायी तू चोर ठरलीस."

"मीही चुकलो," मामा म्हणाला. "या चौघा मोठ्यांना दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत. शाबास! आज रात्री तुझ्या आईला फोन करून मीच सगळं सांगणार."

"बाळं झोपल्यावर कर," उर्सिना म्हणाली. "म्हणजे ती नीट ऐकेल."

नेल्केच्या पुढे फ्लुरिनच चालला. आदल्या संध्याकाळीच प्लाट्नरने गाईला त्याची सवय करून दिली होती. उर्सिनाला थोडं टोचलंच! पण लोइसने मिर्टेची घंटा एका काठीला अडकवली आणि काठीचं एक टोक तिच्या खांद्यावर दिलं, दुसरं आपल्या. गावात हजार माणसं टाळ्या वाजवायला उभी होती. बिनफुलांचा कळप दिसताच टाळ्या थांबल्या. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

लोइसने वाटेत सांगितलं होतं, तसं उर्सिनाने उत्तर दिलं. मिर्टे नावाची दोन वर्षांची कालवड, एकोणीस ऑगस्टला दुपारी गारपिटीत कड्यावरून पडून मेली.