पळून गेलेल्यांची जाई

सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीत दारोदार कुलपं लागली होती, आणि तो मात्र शेजारच्या उषाबाईंच्या जाईला पाणी घालत होता!

माझं डोकंच फिरलं. चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. प्लेगच्या तापानं माझा भाऊ, दगा, बघता बघता गेला. त्याला खांदा द्यायला याच उषाबाईंच्या घरातलं कुणी आलं नव्हतं. सगळे गावाकडे, खानदेशात पळाले. उरलो आई नि मी.

मी बादली हिसकावली. रागात घरची अहिराणीच तोंडातून बाहेर पडली, "काय करी राहिना तू?"

तोंडाला बांधलेल्या रुमालाच्या वरचे दोन डोळे हसले. "पाणी घालतोय... तुम्हाला घालायचं होतं का?"

"पळपुट्यांच्या झाडाला? मरू दे!"

"झाड कुठं पळालंय?"

तो वाल्मिक. मागच्या गल्लीत एकटा राहायचा, कापडाच्या मागावर कामाला होता.

"मरणाची भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. म्हणून तर सगळं बघून घेतोय. ऐका — माग बंद आहेत, तर चिमण्या ऐकू येतात. इथं चिमण्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं."

मला त्या चिमण्यांचाही राग आला. दगानं त्या कधी ऐकल्या नव्हत्या.

तरी रोज सकाळी मी दारात उभी राहू लागले. रुमाल खाली ओढून तो फुलाचा वास घ्यायचा, तेवढ्यात मी त्याचा चेहरा बघून घ्यायचे.

"अजून थोडा वेळ ठेवू का रुमाल खाली...?"

"माझ्यासाठी काही करू नका!"

एक दिवस तो आलाच नाही. खोलीवर गेले, तर तापानं फणफणलेला. रिक्षावाल्यानं तोंड फिरवलं, तशी मी रिक्षासमोर उभी राहिले. "आधी माझ्या अंगावरून घाल!"

दगाच्या वेळी मी रिक्षावाल्यांपुढे हात जोडले होते. या वेळी नाही जोडले.

दवाखान्याच्या बाकावर बसून दिवसभर मी वाल्मिकला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मला जगाकडे बघायला लावायचं आणि आपण निघून जायचं?

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलेरिया छे, बेन. गभराशो नहीं." प्लेग नव्हता!

मी आत गेले. तो क्षीण हसला. "रडलात...?"

"चिडलेय! पुन्हा असं केलंत ना—"

"तर?"

"आधी लग्न करा माझ्याशी! मग बघते कसे मरता ते!"

माझी मूठ रागानं आवळलेलीच होती. त्यानं तापल्या हातानं हळूहळू तिचं एकेक बोट उलगडलं... आणि मी उलगडू दिलं.