दारावरचं दुसरं नाव

बेल वाजली तेव्हा इरा साठये फ्रिजशी भांडत होती.

"दूध संपलंय हे काल सांगता येत नव्हतं का तुला?" असं ती त्याला चक्क मराठीतून विचारत होती. दुसरं होतं कोण विचारायला? जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात ती दिवसभर गाड्यांचे ब्रेक का किंचाळतात यावर संशोधन करायची. प्रयोगशाळेतले लोक भले होते, पण सकाळचं 'मॉर्गन' आणि संध्याकाळचं 'च्युस' झालं की त्यांचं बोलणं संपायचं. मग ट्राम, मग जिना, मग ही खोली... आणि मग कुणीच नाही. रविवारचं तर विचारूच नका.

त्यामुळे बेल वाजल्यावर ती आधी दचकली. दाराच्या छिद्रातून पाहिलं तर बाहेर एक उंच तरुण. रेनकोट ओला, गळ्यात ओळखपत्र, आणि कपाळावरचे केस फुंकरीने उडवायचा त्याचा निष्फळ प्रयत्न चाललेला.

"गुटन आबेंड," तिने दार किलकिलं केल्यावर तो जर्मनमध्ये म्हणाला, "हेर साठये घरात आहेत का?"

आता हे हेर साठये, म्हणजे श्रीयुत साठये, कोण, ते सांगायला हवं. दारावर दोन नावं होती. वर इरा साठये, खाली शशिकांत साठये. शशिकांत म्हणजे इराचे बाबा, मिरजेचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना गाव सोडून सांगलीला जायचं तरी जिवावर यायचं. पण आईचा, स्नेहलताबाईंचा, दंडक होता. परदेशात मुलगी एकटी राहते हे कुणाला कळता कामा नये! दारावर पुरुषाचं नाव हवं, दाराबाहेर पुरुषाचे बूट हवेत. लोणच्याची बरणी बाहेर काढून त्यांनी बाबांचे जुने काळे बूट लेकीच्या बॅगेत कोंबले होते. इरा तेव्हा खूप हसली होती. इथे आल्यावर मात्र पहिल्याच संध्याकाळी तिने ते बूट मुकाट्याने दाराबाहेर मांडले.

"बाहेर गेलेत," ती पढवल्यासारखी म्हणाली.

त्याने ओळखपत्र पुढे केलं. तो सांख्यिकी कार्यालयातर्फे आला होता, आणि येणार असल्याचं कार्डही आधी टपालाच्या पेटीत टाकलं होतं. ते बहुधा पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात गेलं असावं. पण इराचं लक्ष नावावर खिळलं होतं. ध्रुव पेंढरकर.

"तुम्ही... मराठी?"

"आई पुण्याची, मी न्युरेम्बर्गचा," तो एकदम मराठीत शिरला, आणि हसला. "पण मोठे शब्द वापरू नका हं. मी अडखळतो."

इराने दार पूर्ण उघडलं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने लॅपटॉप मांडला. "आल्झो... म्हणजे असं, इथे सगळ्या देशाची शिरगणती होऊन खूप वर्षं झाली. त्याऐवजी दर वर्षी शंभरातलं एक घर निवडतात आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. यंदा तुमचं घर निघालं. अभिनंदन!"

"बक्षीस काय?"

"मी," तो गंभीरपणे म्हणाला. "वर्षातून एकदा. चार वर्षं."

इरा खळखळून हसली. त्या खोलीत ती इतकी मोठ्याने बहुधा पहिल्यांदाच हसली असेल.

"तर... बिऱ्हाडात माणसं किती?"

"बिऱ्हाड? आता कोण म्हणतं बिऱ्हाड!"

"माझी आई म्हणते. सत्तर साली येताना जे शब्द घेऊन आली, तेच माझ्या वाट्याला आले. किती माणसं?"

एक. किती सोपं उत्तर होतं! पण याच माणसाला ती आत्ता दारात 'बाहेर गेलेत' म्हणाली होती.

"दोन," ती म्हणाली.

"शशिकांत म्हणजे... तुमचे यजमान?"

'बाबा' म्हणायला तिने तोंडही उघडलं होतं. पण मग बाबा इथे कसे, कुठल्या व्हिसावर, हे प्रश्न डोक्यात येईपर्यंत मान हलून गेली. झालं! पुढच्या काही मिनिटांत बिचारे हेडमास्तर बत्तीस वर्षांचे इंजिनिअर होऊन बसले.

"गेल्या आठवड्यात त्यांनी एक तास तरी काम केलं का?"

"खूप... सारखे दौऱ्यावर असतात."

ध्रुवने नोंद केली. मग त्याने बिनदुधाचा चहा प्यायला, आलं छान लागलंय म्हणाला, आणि दारात पोचल्यावर थांबला. "अरे हो, खोटी माहिती दिली तर दंड होतो, हे सुरुवातीला सांगायचं राहिलंच! पण तुम्हाला काय त्याचं..."

दंड! परक्या देशात, व्हिसावर राहणारी मुलगी ती. आता खरं बोलायची सोयच उरली नाही.

तो बाबांचे बूट ओलांडून जिना उतरला. आपल्याला त्याच्या मागे धावावंसं वाटतंय, हे कळल्यावर इरा स्वतःवरच चिडली.

शहर लहान. पंधरवड्यातच शनिवारच्या बाजारात तो कोबी निवडताना भेटला. तो त्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता आणि खर्चाला हातभार म्हणून हे शिरगणतीचं काम करायचा. मग दर शनिवारी इराला कोबी लागायला लागला. आवडत नसताना!

"इतका कोबी?" तो विचारायचा.

"आम्ही खूप खातो."

"गेनाऊ, बरोबर. दोघं आहात ना."

तिथेच सगळं अडायचं. गप्पा कितीही रंगल्या, ब्रेकच्या किंचाळण्यावरून तो तिची कितीही थट्टा करो, निघताना 'शशिकांतना नमस्कार सांगा' ठरलेलं. त्याने तिला कधी 'तू' म्हटलं नाही. भर थंडीत ट्रामची वाट बघताना तिचे हात कुडकुडले, तेव्हा त्याने हातमोजे काढून बाकावर ठेवले. तिच्या हातात दिले नाहीत. इराने ते घातले, आत त्याची ऊब अजून होती. ती प्रेमात पडली होती, आणि ज्याच्या प्रेमात पडली होती तो तिच्या नसलेल्या नवऱ्याचा मान राखत होता.

नाताळात त्याने बोलावणं केलं. "न्युरेम्बर्गला आमच्या घरी या. आईने पुरणपोळीचा बेत केलाय. पण दोघंही हं... एकट्या नका येऊ, आई रागवेल."

दोघं कुठून आणायचे?

"शशिकांतना सुट्टी नाही," ती म्हणाली.

नाताळच्या संध्याकाळी सगळं शहर मिटलं. दुकानं बंद, रस्ते ओस, समोरच्या खिडक्यांत मेणबत्त्या आणि टेबलाभोवती माणसं. इराने मुगाची खिचडी टाकली. दोन ताटं घेतली, एक परत ठेवलं. आईचा फोन आला.

"एकटीच आहेस का गं?"

"नाही आई, मैत्रिणी आल्यात," इरा म्हणाली, आणि फोन ठेवून पोटभर रडली. एका खोट्याने तिला वाचवलं होतं खरं, पण त्याच खोट्याने तिला आत कोंडून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात एकदा नदीकाठी तिच्या सायकलची साखळी निसटली. ध्रुवने बसवून दिली. तिने रुमाल पुढे केला, बोटांना बोटं लागली... क्षणभर दोघंही थांबले. मग त्याने हात मागे घेतला.

"शशिकांत भाग्यवान आहेत," तो नदीकडे बघत म्हणाला.

'सांग ना आता!' इराचं मन ओरडलं. पण तिला दंड आठवला, व्हिसा आठवला. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वेगळीच होती. इतके महिने आपल्याला फसवणाऱ्या मुलीकडे तो कसा बघेल? तिने सायकल वळवली.

नंतर तो बाजारात दिसेनासा झाला.

नोव्हेंबरात पेटीत कार्ड आलं. या वेळी तिने ते फ्रिजवर लावलं. ठरल्या संध्याकाळी बेल वाजली, तेव्हा घरात दूध होतं, आलं होतं, आणि इराने उगाचच निळा कुडता घातला होता.

ध्रुव आला तो जरा वाळलेला वाटला. थट्टा नाही, काही नाही. लॅपटॉप उघडत म्हणाला, "परीक्षा झाली. दक्षिणेला, गेर्लिंगेनला नोकरी लागलीये, सोमवारी निघतो. पुढच्या वर्षी दुसरं कुणी येईल."

"पण... चार वर्षं म्हणाला होतात."

"घर चार वर्षं राहतं यादीत. माणसं बदलतात." तो पडद्याकडेच बघत होता. "तर... गेल्या वर्षापासून बिऱ्हाडात काही बदल?"

बाहेर झिमझिम चालू होती. इराला एकदम लख्ख कळलं. आता 'नाही' म्हटलं तर हा चहा पिईल, नमस्कार सांगेल आणि कायमचा जाईल.

"हो," ती म्हणाली. "माणसं दोन नाहीत. एक आहे."

त्याची बोटं थांबली. "शशिकांत... सोडून गेले?"

"ते कधी आलेच नव्हते. मिरजेला असतात. माझे बाबा आहेत ते." मग थांबणं जमेचना. "आईने सांगितलं होतं, एकटी आहेस हे कुणाला सांगू नकोस... आणि तुम्ही दारात उभे होतात, आणि मी तुम्हाला ओळखत नव्हते... आणि ओळखायला लागले, तेव्हा फार उशीर झाला होता. दंड करा, व्हिसा जाऊ दे. पण मी एकटी आहे, ध्रुव. गेलं वर्षभर मी इथे एकटी होते आणि प्रत्येक शनिवारी तुम्हाला हे सांगायचं होतं."

त्याने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. इराला वाटलं, संपलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मी वर्षभर एका... खरं काय करतात ते?"

"रिटायर्ड हेडमास्तर."

"मी वर्षभर एका रिटायर्ड हेडमास्तरांवर जळत होतो?" त्याचा आवाज चढला. "इरा, मी बाजारात येणं बंद केलं! दुसऱ्याच्या बायकोचा विचार करतो म्हणून स्वतःला रोज शिव्या घातल्या. आणि गेर्लिंगेन का घेतलं? इथून लांब आहे म्हणून!"

"रागावलात?"

"खूप!" तो म्हणाला. आणि मग हळूच, "खूप... पण तू एकटी आहेस, हे ऐकून इतका आनंद होतोय, त्याची लाज वाटते."

'तू.' इराच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने टेबलावरून हात पुढे केला. या वेळी मागे घेतला नाही. पडद्यावर दोनाचा आकडा तसाच होता. डाव्या हाताने त्याने तो खोडला आणि एक लिहिला, बाकीचे प्रश्न विचारले, तिची उत्तरं नोंदवली. त्यात ती हसत होती की रडत होती, हे विचारायची सोय नव्हती.

निघताना त्याने खिशातल्या चाकूने शशिकांत साठयेंची पट्टी अलगद उचकटून तिच्या हातात दिली. "हेडमास्तरांना सुट्टी. तुझा प्रबंध व्हायला दोन वर्षं, मला सुट्टी शुक्रवारी. गेर्लिंगेन लांब आहे, इरा. पण ही जागा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

"आणि दंड?"

"दर शुक्रवारी वसूल करीन."

सोमवारी तो गेला. खोली पुन्हा तितकीच शांत झाली, फ्रिज पुन्हा घुमायला लागला. संध्याकाळी इरा उगाचच दार उघडून नावाखालची ती रिकामी जागा बघत उभी राहिली. तेवढ्यात आत फोन वाजला.

"दाराला कुलूप नीट लावतेस ना? नाव आहे ना दारावर?" आईची उलटतपासणी सुरू झाली.

"बाबांचं काढलं, आई. जागा ठेवलीये."

"जागा? कुणासाठी गं?"

इराने सांगितलं. सगळं... कोबीसकट, नाताळसकट. नाताळचं ऐकताना पलीकडे आईने नाक ओढल्याचा आवाज आला. 

"बरं," आई शेवटी म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण हुकूम तोच. "बाबांचे बूट मात्र राहू देत बाहेर. तो त्याचे आणून ठेवेपर्यंत."