फिनबारच्या आधी कुणीतरी ओ देतं

माझ्या भावाला हाक मारली की तो ओ देत नाही.

फिनबार त्याचं नाव. वय अडुसष्ट, कान ठणठणीत. शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्याला ऐकू येतं. पण मी "फिनबार, चहा घे" म्हटलं की मान खाली घालून बसतो. परवा खुद्द पाद्रीबाबांनी हाक मारली, तरी दगडासारखा ढिम्म. चारचौघांत मला लाज आणतो.

तो ओ का देत नाही, ते मला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे. सहावीतून शाळा सोडलेली बाई मी. लिहिण्यात चुका असतील, घडलं त्यात नाही. देवमातेची शपथ.

आमचं गाव योल. जुन्या तटाला लागून माझं चहाचं दुकान, दुकानामागे वडिलांचं वावर.

त्या वावराचा वरचा कोपरा कुणी कधी नांगरला नाही. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेली मुलं तिथे पुरलेली. चर्चच्या आवारात त्यांना जागा मिळत नसे. बाप अंधारात खोकं घेऊन यायचा, माती लोटायचा, वर एक पांढरी गारगोटी ठेवायचा. क्रूस नाही. नाव नाही.

पाच वर्षांपूर्वी मी तो कोपरा सपाट करून घेतला. सहलीच्या बसगाड्या लावायला. कुणी विचारलं तर सांगायची, दगड होते नुसते. गारगोट्या दिसायला छान, म्हणून दुकानापुढच्या फुलांच्या वाफ्याला कड केली. त्रेचाळीस गारगोट्या.

फिनबार सहलीची बस चालवायचा. सगळे चालक गाडी तिथे लावत, हा एकटा लावेना. रस्त्यात उभी करायचा आणि पोरांना चढावरून चालवत आणायचा.

गेल्या मार्चमधला शेवटचा गुरुवार. सकाळचे अकरा. तिरका पाऊस लागलेला. शाळेची तीस मुलं आणि त्यांच्या क्रोटीबाई.

"आत घे गाडी!" मी दारातून ओरडले.

"नाही घेत. खाली मुलं आहेत, डिलिया."

"मुलं गाडीत आहेत, ती भिजतील! खालची काय चावतात तुला? साठी उलटली, केस गेले, दात गेले, भीती तेवढी जपून ठेवलीस. घाबरट कुठला!"

गाडीतली पोरं खिदळली. फिनबारचे कान लाल झाले.

त्याने गाडी आत घेतली.

चाकाखाली काहीतरी बारीक कुरकुरलं...

खडी असेल, मी मनाशी म्हटलं. पण खडी मीच टाकून घेतली होती. तिचा आवाज मला ठाऊक होता.

तट आणि जुनं चर्च बघून मुलं एक वाजता जेवायला आली. मी तीस वाडगे सूप वाढलं, पाव कापून ठेवला. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "आजी, याला नाही मिळालं."

"कोणाला गं?"

ती बाजूला वळली.

बाक रिकामा होता...

"आत्ता होता की इथे. एवढासा. हात कसले गार होते त्याचे!"

"चेष्टा तुझ्या आजीशी कर, माझ्याशी नको," मी म्हणाले.

तरी एक वाडगा भरून तिथे ठेवला. का, ते विचारू नका.

मुलं उठल्यावर आवरायला गेले. सूप तसंच होतं, थंडगार. फक्त कडेला मातीची बोटं उमटली होती... माझ्या करंगळीच्या अर्ध्याएवढी.

मी फडक्याने पुसून टाकली.

बाहेर आले तर वाफ्याच्या कडेत एक खळगा. गारगोटी कुणीतरी नुकतीच उचललेली. कुठली, ते मी लगेच ओळखलं. लाल रेघ होती तिच्यावर. तो दगड मी सत्तर वर्षं ओळखते.

सव्वातीनला मुलं गाडीत बसली. क्रोटीबाईंनी डोकी मोजली.

एकतीस.

पुन्हा मोजली. एकतीस.

मग यादी काढून नावं घेतली. तीस नावं, तीस "हजर". परत डोकी मोजली...

एकतीस.

"शाळेत हेच शिकवता का?" म्हणत मी स्वतः गाडीत चढले. एकेका डोक्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेले.

एकतीस.

आणि परका चेहरा एकही नाही.

क्रोटीबाईंचा चेहरा उतरला होता. "जाऊ दे," त्या घाईने म्हणाल्या. "फिनबार, काढा गाडी."

"ओ!"

फिनबारने तोंड उघडलंच नव्हतं...

आवाज मागून आला. बोबडा. आणि इतका खुशीत, की जन्मात पहिल्यांदाच कुणी हाक मारली असावी.

 फिनबारने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कोण बोललं, डिलिया?"

मला ठाऊक होतं कोण बोललं.

"पोरं खोड्या काढतात, दुसरं काय," मी म्हणाले आणि खाली उतरले. फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत थांबलेसुद्धा नाही.

त्या दिवसापासून हे चालू आहे. घरात, दुकानात, चर्चमध्ये. कुणी फिनबारला हाक मारली की आधी तो ओ येतो. इतरांना ऐकू येत नाही. त्याला येतो. मलाही येतो, पण ते मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने बस सोडली. जेवण सुटलं. एकदा म्हणाला, "मी माझ्याच नावात पाहुणा झालोय गं. वेड लागलंय का मला?"

"लागलं असेल," मी म्हणाले.

हो, म्हणाले मी असं. आठ महिने त्याला वेडा ठरू दिलं.

काल मात्र राहवलं नाही. वाफा उकरला, गारगोट्या हातगाडीत घातल्या आणि कोपऱ्यात परत नेऊन ठेवल्या. बेचाळीस. कुठली कुणाच्या डोक्याशी होती, आता कोण सांगणार? लाल रेघेची अजून सापडलेली नाही. फाटकाला साखळी घातली.

मग घरात आले. तो टेबलापाशी बसला होता.

"फिनबार," मी म्हणाले.

"ओ..." दाराकडून आला.

भावाने मान खाली घातली. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याचा हात धरला.

"मलाही ऐकू येतो तो. पहिल्या दिवसापासून. देऊ दे त्याला ओ, नाव आधी त्याचं होतं. तुझ्या आधी दोन वर्षं झाला, श्वास न घेताच गेला. आईने चोरून त्याच्या कानात नाव सांगितलं. साबणाच्या खोक्यात घालून बाबांनी त्याला वर नेलं, कंदील माझ्या हातात होता. पुढे तू झालास, तेव्हा तेच नाव तुला दिलं. त्याला पुरलं त्या रात्रीच बाबा मला म्हणाले होते, कुठे बोलायचं नाही. सहा वर्षांची होते, गप्प बसले. पुढची सत्तर वर्षं मात्र माझी मी गप्प बसले, वर त्याच्यावरून गाड्या नेल्या. तुला वेड लागलेलं नाही, फिनबार. आणि या घरात घाबरट एकच आहे, ती मी."