चार हात खोल

४१२

एक किलो मातीत इतके मिलिग्रॅम तांबं. फिरत्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर शिवलिंगाप्पा हत्तुरे यांची द्राक्षबाग निळीशार दिसत होती, तळं असावं तशी.

"चाळीस वर्षं मोरचूद आणि चुना फवारला, केवडा रोगावर," आप्पा म्हणाले. "पावसानं धुतलं की वाटायचं, गेलं."

"मोरचुदातलं तांबं जात नाही, आप्पा. धातू कुजत नाही. सगळं वरच्या वीतभर मातीत साठलंय," मृदावैज्ञानिक रेहाना अत्तार म्हणाली. तिने कुपी उघडली. आत कापसासारखी बुरशी. "हे ताम्रतंतू. तांबं खातात. जिकडे जास्त, तिकडे वळतात."

"माझ्या जावयासारखे. जिकडं जेवण, तिकडं मुक्काम." मग हळूच, "मरायच्या आत इथं एक नवं रोप जगलेलं बघायचंय बाई."

१६०

सकाळी धुक्यात तांबं खाऊन लालसर झालेले धागे जमिनीतून वर यायचे. रेहाना ते रिळावर गुंडाळायची. आप्पा रीळ उन्हात फिरवत बसायचे. कुठला धागा कुठल्या सालचा, हे आपल्याला कळतं असं म्हणायचे.

९

तळं आटलं. कोपऱ्यात एक ठिपका उरला. चार हात खोल.

रेहानाने चित्र मोठं केलं. ठिपक्याला खांदे होते. मांडी घातलेली होती.

"गौरव्वा," आप्पा म्हणाले. "माझी बायको. आमच्यात बसवून पुरतात. तीस वर्षं पिंपात मोरचूद तीच कालवायची, कोपरापर्यंत हात घालून."

तांबं हाडांत बसलं होतं. शेतभरचे धागे आता तिच्याकडे वळले होते.

"थांबव त्यांना."

"कशाने? बुरशीनाशक तर त्यांचं अन्न. दुसरीकडे जास्त तांबं मिळालं तरच फिरतील." ती अडखळली. "दोन दिवसांत शेत शून्यावर येईल, आप्पा. रोपं लावता येतील."

"तुझ्याकडं मोरचूद आहे?"

फळीवर तुलनेसाठी ठेवलेली बरणी होती. रेहानाने ती बराच वेळ हातात धरली, मग दिली.

१४, २२, ५१

आप्पा पलीकडच्या बांधालगत अनवाणी चालत होते, निळे खडे पेरत. धागे थबकले. एकेक करून माघारी फिरले.

"किती दिवस पुरंल?"

"वर्षभर. मग पुन्हा तिच्याकडे निघतील."

"आणि रोपं?"

रेहानाने पडद्यावरचा वाढता आकडा त्यांना दाखवला.

आप्पांनी बरणी उलटी करून बुडावर थापटली. तळाशी चिकटलेलं थोडं राहिलं होतं, तेही पडलं.