आलोच मी

एक करून बघा. डोळे मिटा आणि मनात एक खोली आणा. साधीच. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर खुंटी, खुंटीला टोपी. समोर दार. त्या दारातून एक माणूस आत्ताच बाहेर गेलाय आणि जाताना म्हणालाय, "आलोच मी." आता त्या बंद दाराकडे बघत राहा. मिनिटभर. अजून मिनिटभर. कंटाळलात? बरं, उघडा डोळे. पण खोली विसरू नका, आपल्याला तिथं परत जायचंय.

या खोलीकडे एक दहा वर्षांची मुलगी तीन दुपारी बघत बसली होती. तिचे पुढचे दोन दात मोठे होते आणि एका जागी तिचा पाय ठरत नसे, म्हणून तिचे आजोबा तिला खारुताई म्हणायचे.

आजोबा सिनेमातले. पहिल्या सिनेमात त्यांनी नुसता कंदील धरला होता. पडद्यावर हात आणि कंदील एवढंच दिसलं, चेहरा नाहीच. मग ते शिपाई झाले, नायकाचे मित्र झाले, नायक झाले आणि पुढे स्वतःच सिनेमे काढू लागले. या सगळ्याला साठ वर्षं झाली होती. पण रस्त्यात भेटणारे लोक त्यांना एकाच सिनेमावरून ओळखत. त्यात ते डावखुरे घड्याळजी होते. शेवटी तो घड्याळजी टोपी खुंटीलाच ठेवून "आलोच मी" म्हणतो, दारातून बाहेर पडतो आणि सिनेमा संपतो. त्यामुळे भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो त्यांना बघून ओरडायचा, "काय, आलोच मी!" आणि आजोबा डावा हात उंचावून हसायचे.

घरातही ते डाव्या हातानंच जेवत, डाव्या हातानंच सही करत. आळीतली सगळी बंद पडलेली घड्याळं त्यांच्याकडे येत. खारुताईच्या मनगटावरचं घड्याळही त्यांनीच जुळवून दिलेलं होतं.

रविवारी त्यांचा सत्कार होता आणि त्यानंतर तो घड्याळजीचा सिनेमा दाखवणार होते. जुन्या फिल्मा जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत त्याची साफसफाई चालली होती. ती करताना एक छोटा डबा सापडला. त्यात तो शेवटचा शॉट होता, कॅमेऱ्यानं टिपला तसा, न कापलेला. हाही लोकांना दाखवायचा का, हे ठरवायला सोमवारी दुपारी आजोबांना बोलावलं. खारुताई अर्थातच शेपटासारखी मागे.

तळघरात पंधरा खुर्च्यांची खोली होती. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. जुन्या फिल्मला तसा येतोच. पहिल्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई मांडीवर जाड वही घेऊन बसल्या होत्या. आजोबांच्या शूटिंगमध्ये बटणं किती लावलेली, कप कुठल्या हातात, पेल्यात पाणी किती, हे सगळं लिहून ठेवायचं त्यांचं काम. नाहीतर एका शॉटमध्ये भरलेला पेला पुढच्या शॉटमध्ये रिकामा दिसायचा. सगळे त्यांना वहीवाल्या बाई म्हणत.

"हे बघ," बाईंनी खारुताईला पान दाखवलं. "शॉट सुरू होताना काय करतात?"

"पाटी वाजवतात. टक्!"

"आणि संपताना?"

"कट म्हणतात."

"कशाला म्हणतात?"

"कॅमेरा बंद करायला."

"अर्धंच सांगितलंस. कट म्हटलं की नट पुन्हा आपला आपण होतो. आत्ता धाय मोकलून रडणारा माणूस चष्मा मागतो. भूमिका तिथं संपते." त्यांनी पानावरून बोट खाली नेलं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. शेवटच्या ओळीपुढची चौकट मोकळी. "याला कट नाही. चाळीस वर्षं ही चौकट माझ्या डोळ्यांत खुपतेय."

"का नाही म्हटलं?"

"दिग्दर्शक तुझे आजोबाच, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाची कट म्हणायची टाप नव्हती. आणि ते होते दाराआड. आम्ही वाट बघतोय, बघतोय, फिल्म संपली तरी तिकडून आवाज नाही. जाऊन बघितलं तर साहेब मेकअपच्या खोलीत चहा पीत बसलेले. मला म्हणाले, बाई, दमलात का हो? पाच वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं मी, तोवर त्यांनी मला 'ए वही' शिवाय हाक मारली नव्हती."

आजोबा हसले. "मला काही आठवत नाही बुवा."

दिवे मालवले. पडद्यावर काळ्याभोर केसांचे आजोबा आले. आवाज नंतर भरायचा असल्यामुळे शॉट मुका होता. त्यांनी डाव्या हातानं टोपी खुंटीला ठेवली, ओठ हलले, बाहेर गेले. दार लागलं. उरली रिकामी खोली. खारुताई तिच्याकडे बघत राहिली, तुम्ही आत्ता बघितलंत तशी.

"डबा एवढासा," मशीनवाले काका खाली येऊन म्हणाले, "साडेचार मिनिटांत आटपायला हवा. सहा लागली. मशीन मंदावलंय वाटतं."

त्यांनी आजोबांपुढे संस्थेची नोंदवही केली. आजोबांनी पेन घेतलं आणि झरझर सही केली.

उजव्या हातानं.

घरी आल्यावर खारुताईनं हे आजीला सांगितलं. आजी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"उजव्या? नीट बघितलंस?"

"अगदी नीट."

आजीनं हातातल्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "लग्नात ते उजवेच होते. त्या शूटिंगहून परत आले ते डावखुरे. लोक म्हणाले, भूमिकेत शिरलेत, निघतील बाहेर. घड्याळं दुरुस्त करायला लागले. कुणी शिकवलं होतं? शूटिंगला तर पुठ्ठ्याची घड्याळं होती."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं." आजी हळू बोलू लागली. "त्या शूटिंगआधी ते घरी आले, की तुझी आई पलंगाखाली जाऊन बसायची. सात वर्षांची होती. गाडीच्या आवाजानंच जायची. शूटिंगहून आले त्या दिवशी ते स्वतः वाकून पलंगाखाली बघायला लागले. म्हणाले, आत कोण आहे बरं? मलाही जागा कर. मग कशाला विचारू मी? आलेला माणूस बरा होता."

बुधवारी पुन्हा बोलावणं आलं. काकांनी मशीन तपासून ठेवलं होतं. खारुताईनं मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवली. सहा मिनिटं झाली. आठ. रिकाम्या खोलीत काहीही हलत नव्हतं. टोपी, खुर्ची, दार.

दहाव्या मिनिटाला दाराची मूठ फिरली. अगदी थोडी. बाहेरून कुणी बघावं, कुलूप आहे का, तशी.

शेजारी आजोबांनी तिचं मनगट धरलं. उजव्या हातानं, आणि जोरात.

"आजोबा, दुखतंय."

त्यांनी सोडलं नाही. फिल्म अकरा मिनिटांनी संपली तेव्हाच सोडलं.

मनगटावरचं घड्याळ त्या धरण्यानं बंद पडलं होतं. संध्याकाळी खारुताई ते घेऊन आजोबांच्या खोलीत गेली.

"हे काय आणलंयस?"

"बंद पडलं."

"मग मी काय करू? घड्याळजी आहे का मी?"

आवाज चढलेला होता. या घरात असा आवाज खारुताईनं कधी ऐकला नव्हता. दारात तिची आई उभी होती, ऑफिसातून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स तशीच. आई एकदम दाराजवळच्या पलंगाकडे सरकली. तिचा हात पलंगाच्या कडेवर गेला आणि ती थोडीशी वाकलीसुद्धा. मग तिचं तिलाच कळलं आणि ती ताठ उभी राहिली.

सकाळी आजोबा पुन्हा डावखुरे होते. घड्याळ दुरुस्त करून त्यांनी खारुताईच्या उशाशी ठेवलं होतं. पण चहाचा कप त्यांनी आधी उजव्या हातात घेतला, थबकले आणि मग डाव्यात घेतला.

"शनिवारी परत त्या तळघरात जाऊ नका ना," खारुताई म्हणाली.

"जायला हवं गं. बाईंचा फोन होता. म्हणतात, एकदा ती पाटी वाजवून शॉट पुरा करून टाकू." त्यांनी दोन्ही तळहात समोर धरून बघितले. "मला हल्ली कुणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटतं. तिष्ठत. तुला वाटतं का कधी असं?"

तिनं त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

शनिवारी बाईंनी पिशवीतून पाटी काढली. तीच, चाळीस वर्षांपूर्वीची. काळी, वर बिजागरीची पट्टी, खडूचे आकडे अजून पुसट दिसत होते.

"सुरुवातीला पाटी राहून गेली," त्या म्हणाल्या, "तर ती शेवटी दाखवतात. पण उलटी धरून. उलटी पाटी दिसली की समजायचं, शॉट इथं संपला. माझे हात कापतात गं. तू धरशील? एकदाच वाजव आणि कट म्हण. बस्स."

पाटी खारुताईच्या मांडीवर आली. चांगलीच जड होती.

दिवे गेले. टोपी खुंटीला लागली, ओठ हलले, दार लागलं.

पाच मिनिटं. बारा. वीस.

"वरचं चाक रिकामंच होत नाहीये!" मशीनच्या खोलीतून काका ओरडले.

मूठ फिरली. दार बोटभर उघडलं.

फटीतून एक हात आत आला. उजवा हात. त्यानं दाराची कड धरली.

पडद्यावरचा माणूस काळ्याभोर केसांचा होता, तरणाताठा. हा हात म्हाताऱ्याचा होता. त्यावर तपकिरी ठिपके होते आणि अंगठ्याखाली फुगलेली शीर. खारुताईनं शेजारच्या खुर्चीच्या दांड्यावर बघितलं. तेच ठिपके, तीच शीर.

पडद्यावरच्या बोटांनी दारावर टकटक केली. आवाज नव्हता. पण प्रत्येक टकटकीला आजोबांची बोटं दांड्यावर वाजत होती.

टक. टक. टक.

"वाजव," बाई कुजबुजल्या. "आत्ता."

आजोबांनी मान वळवली. पडद्याच्या उजेडात त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण गं तू? ए वही, हिला आत कुणी सोडलं?"

बाईंचा हात तोंडाकडे गेला.

खारुताईनं पाटी उलटी केली. पट्टी उघडली. तो दाराबाहेरचा माणूस चाळीस वर्षं उभा आहे, हे तिला कळत होतं. कट म्हटलं की भूमिका संपते, हेही तिला कळत होतं. पलंगाखाली वाकून जागा मागणारा माणूस म्हणजे भूमिका. तिला खारुताई म्हणणारा, तोही भूमिकाच.

तिनं पट्टी मिटली. आवाज न होऊ देता, दोन बोटं मध्ये ठेवून. मग वेणीची रिबीन सोडली, पाटीभोवती गुंडाळली आणि गाठ मारली. दुसरी मारली. तिसरी दातांनी आवळली.

टकटक थांबली.

"खारुताई," शेजारून आवाज आला. डावा हात तिच्या डोक्यावर होता. "वेणी सुटली की गं तुझी. झाला का सिनेमा?"

"झाला, आजोबा."

"मग हा नको दाखवायला लोकांना. नुसतं दार काय बघायचं!"

वहीवाल्या बाईंनी वही मिटली. त्यांनी आजोबांचा हात धरला आणि दोघं जिना चढू लागली. काका खाली आले, घामाघूम. "बटण बंद केलं तरी थांबत नाही," ते म्हणाले आणि वीजवाल्याला बोलवायला वर पळाले.

खारुताई एकटीच मागे राहिली. मशीनची घरघर चालूच होती. पडद्यावरच्या दाराच्या फटीत तो हात अजून होता. आता तो वाजत नव्हता. तळवा वर करून पसरला होता, वाट दाखवायला एखाद्या मुलाचं बोट मागावं तसा.

तिनं बांधलेली पाटी छातीशी धरली. पडद्याकडे बघून, आजोबा म्हणतात अगदी तसं, गोड आवाजात ती म्हणाली,

"आलेच हं मी."

आणि बाहेर येऊन तिनं दार ओढलं, आणि कडी लावली.