मोतीराम कंपाउंडरची सही

बसा. लोडशेडिंग आहे, लाइट यायला अजून तास आहे, तोवर कंदिलावर भागवू. परवा पंचवटीतल्या त्या तांब्याच्या पाटीबद्दल विचारत होतात ना? सांगतो. हसायचं असेल तिथं हसा. मीही हसतो, फक्त दुपारी दोन ते चार या वेळात हसत नाही.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो तेव्हा घरात बसून संध्याच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी जुन्या वास्तूंना पाट्या लावणाऱ्या समितीचा चिटणीस झालो. अध्यक्ष रविराज वकील. काम सोपं होतं. शहरातली ऐंशी-शंभर वर्षांची घरं शोधायची, इतिहास दोन ओळींत बसवायचा, मालकांच्या सह्या घ्यायच्या आणि तांबटाकडून पाटी कोरून भिंतीत ठोकायची. इतिहास दोन ओळींत बसतो हो, पण भावाभावांच्या सह्या एका कागदावर बसत नाहीत. एका पाटीला मला सात महिने लागले होते.

ही दोन हजार दोनची गोष्ट. पुढल्या वर्षी कुंभमेळा, म्हणून रस्ते रुंद व्हायचे होते. ज्या घराला पाटी मंजूर, तिथं रस्ता दोन फूट वाकणार, असं ठरलेलं. पंचवटीतल्या एका बोळात डॉक्टर आगाशांचा जुना दवाखाना होता. डॉक्टर वारून जमाना झाला, पण मागच्या खोलीत भागीबाई राहायची. सुरगाण्याकडची. पोरवयात दवाखाना झाडायला आली, ती तिथंच म्हातारी झाली. घर पडलं तर तिला जायला जागा नव्हती. गावाकडं कोणी उरलं नव्हतं आणि शहरात तिला कोण विचारतो?

"नाना, पाटी लावा म्हंजे झालं," ती म्हणायची. "मी लय दिवसाची नाय. पन हितंच मरू द्या."

घर दोघांच्या नावावर होतं. निम्मं डॉक्टरांच्या पुतण्याच्या, त्यानं पुण्याहून सही करून पाठवली. निम्मं डॉक्टरांनी आपल्या कंपाउंडरला, मोतीरामला, लिहून दिलं होतं. मोतीराम बहिणीकडे कळवणला गेला आणि तिथंच वारला, त्याला अडतीस वर्षं झाली होती. ना बायको, ना पोर, आणि मृत्यूची नोंदही कोणी केली नाही. मी हे सगळं महापालिकेत संमतीपत्रं तपासणाऱ्या कारभारी नावाच्या कारकुनाला समजावलं.

"दाखला?" कारभारी म्हणाला.

"दाखला नाही. पण माणूस आज असता तर एकशेपाच वर्षांचा असता!"

"मंग असंल एकशेपाचचा. नाना, घराच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव हाय म्हंजे माणूस हाय. सही आना. शुक्रवारी यादी बंद."

रविराज वकिलांनी तर हात झटकले. "डाव्या हातानं करून टाका की, नाना. कोण बघतंय?"

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या. शाईचा ठिपका चुकला तरी गठ्ठा बाजूला काढणारा माणूस मी. आणि मी खोटी सही करू? रात्रभर तळमळलो. सकाळी मात्र डोळ्यांपुढं भागीबाईचं बोचकं आलं, आणि माझं प्रामाणिकपण पार पातळ झालं. लाज वाटली, पण बुधवारी दुपारी दोनला, पंचवटी घोरत असताना, मी दवाखान्यात गेलो. मोतीरामची सही जुन्या औषधवहीत होती. ती बघून गिरवायचा विचार होता.

भागीबाईनं किल्ली दिली आणि विचारलं, "बाटली आनली का?"

"कसली बाटली?"

"कंपौंडर बाटलीबिगर कोनाशी बोलत नाय."

पूर्वी दवाखान्यात आपली बाटली आपणच न्यायची पद्धत होती, हे मला ठाऊक होतं. म्हातारीला भ्रम झालाय असं समजून मी आत शिरलो.

आत गारवा होता. बाहेर वैशाख पेटलेला आणि आत हुडहुडी भरेल असा गारवा. एक लांब बाक, औषध द्यायची लहानशी खिडकी, तिला लाकडी झडप. मी वही शोधून बाकावर बसलो, कोऱ्या कागदावर पहिला 'मो' गिरवला. तेवढ्यात वास आला. बडीशेपेच्या अर्काचा, स्पिरिटचा आणि कसल्यातरी गोड, गुलाबी औषधाचा. अडतीस वर्षं बंद असलेल्या खोलीत ताज्या औषधाचा वास...

मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी खोकलं.

मी मान वळवली नाही. ती वळतच नव्हती. खिडकीची झडप सावकाश, करकरत वर गेली. आत काळोख. आणि त्या काळोखातून एक कंटाळलेला आवाज आला.

"बाटली?"

"ना... नाही आणली..."

"उद्या या."

झडप खाली आली. मी बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा कळलं की वहाणा आतच राहिल्यात.

घरी कोणाला काय सांगणार? गुरुवारी मी स्वयंपाकघरातून एक रिकामी बाटली पिशवीत घालत होतो, तर संध्या दारात उभी.

"भर दुपारी रिकामी बाटली घेऊन कुठं निघालात?"

"समितीचं काम आहे."

"हेच म्हणतात सगळे," ती म्हणाली.

मी गेलो. कशासाठी गेलो, तर शुक्रवार उद्यावर होता, आणि भागीबाईनं भांडी बांधायला घेतली होती. घाबरलो नव्हतो असं नाही. पण आदल्या दिवशीचा तो आवाज भयंकर नव्हता हो, तो आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीमागच्या माणसाचा होता. आणि खिडकीमागच्या माणसाकडून काम कसं काढायचं हे मला येतं. मुकाट बसायचं.

बाकावर पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर तीन आकडा. बिल्ला मुठीत धरून मी बसलो.

"एक."

माझ्या शेजारी बाक कुरकुरला, हलका झाला. अनवाणी पावलं खिडकीपर्यंत गेली. काचेवर काच वाजली, द्रव ओतल्याची बुडबुड ऐकू आली. मग पावलं माझ्यासमोरून दाराकडे गेली आणि दार न उघडताच पलीकडे विरली.

"दोन."

हा खोकणारा. ह्याला वेळ लागला. मृताला इतका कसला खोकला, असा विचार मनात आला आणि घाम फुटला.

"तीन."

मी उठलो. खिडकीत एक हात होता, नुसता हात. बोटं जांभळी. जखमेला लावायच्या औषधाचा तो जांभळा रंग लहानपणी माझ्याही गुडघ्यांना असे.

"काय होतंय?"

"सही... हवी होती."

"किती दिवसांपासून?"

"दोन... दोन महिने."

पाटीचा मजकूर लिहिलेलं संमतीपत्र मी सरकवलं. हातानं ते आत नेलं. मागं बाकावर कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं.

"वर डॉक्टरांचं नाव आहे," आवाज म्हणाला.

"हो. पाटीवर..."

"औषध कोण द्यायचं?"

"तुम्ही."

"मग?"

एकतीस वर्षांत कोणी माझी एवढी सरळ चूक दाखवली नव्हती. "दुसऱ्या ओळीत घालतो," मी म्हणालो. "शपथ."

टाक खरखरला. कागद बाहेर आला. शाई ओली होती. मागोमाग माझी बाटलीही आली, विसळून, रिकामीच.

"औषधाची गरज नाही," तो म्हणाला. आणि झडप पाडता पाडता जोडलं, "सध्या."

शुक्रवारी कारभारीनं भिंग लावून सही जुन्या कागदाशी ताडून बघितली. "बराबर हाय. मी म्हनलं व्हतं ना, हाय म्हनून!" रविराज वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कानात म्हणाले, "हात छान बसलाय हो तुमचा." आयुष्यातली सगळ्यात अस्सल सही मी आणली आणि ती खोटी म्हणून माझं कौतुक झालं. ते आजही माझ्या जिव्हारी लागतं.

दिवाळीत पाटी लागली. पहिल्या ओळीत डॉक्टर आगाशे, दुसऱ्या ओळीत 'औषधे मोतीराम कंपाउंडर यांच्या हातची', दोघांची अक्षरं सारख्याच उंचीची. नारळ भागीबाईनं फोडला. रस्ता दवाखान्यापाशी दोन फूट वाकला, अजून तसाच वाकडा आहे. तिनं भांडी पुन्हा फळीवर मांडली तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

महिन्याभरानं तिनं मला हाक मारली. चेहरा वैतागलेला.

"नाना, पाटी लावली ते बरं केलं. पन आता गर्दी लय वाढली."

"कसली गर्दी? पाटी बघायला कोणी पाहुणे येतात का?"

"पाव्हनं कशाचं! दुखनेकरी. बिचाऱ्यांना ठावंच नव्हतं दवाखाना चालू हाय म्हनून. आता पाटी वाचत्यात न् येत्यात. दोनपासून चारपर्यंत बोळात रांग. मी किती झाडू?"

मी बोळात पाहिलं. रिकामा, उन्हानं पांढरा पडलेला बोळ. एक कुत्रं मात्र मधून सरळ न जाता भिंतीला अंग घासत, कोणाकोणाला वाट देत चाललं होतं.

भागीबाईनं कनवटीचा बिल्ला सोडून माझ्या हातावर ठेवला. थंडगार. सत्तेचाळीस.

"तुमच्यासाटी लावून ठेवलाय म्हनले. जित्यांचा आकडा येगळा, रांगेतल्यांचा येगळा. घाई नाय म्हनले."

"आणि... सध्या किती चालू आहे?"

"एकोनचाळीस."

संध्याला मी काही सांगितलं नाही. पण रोज चारच्या सुमाराला पंचवटीत चक्कर मारतो. भागीबाई दारात बसलेली असते. मी विचारतो, ती सांगते, मी घरी येतो. कधी वर्ष वर्ष आकडा हलत नाही. कधी एका दुपारीत दोन उरकतात.

काल पंचेचाळीस झाला. आज रविवार. आज दवाखाना बंद असतो.