पाहुण्याला नावं ठेवत नाहीत

भूमिकाने मागवलं होतं एक ताट, आणि समोर आली तीन.

थंडी पडली तशी जळगावातल्या त्या भरीत केंद्राच्या मालकाला नवा थाट सुचला होता. काउंटरवरचा माणूस हलवून त्याने तिथे बोटाने दाबायचा पडदा बसवला. भूमिकाने 'भरीत-पुरी'वर बोट ठेवलं, काहीच हललं नाही. पुन्हा ठेवलं, तरी ढिम्म. मग जरा चिडूनच तिसऱ्यांदा दाबलं... आणि थोड्या वेळाने हिरव्या वांग्याचं, कांद्याच्या पातीचं वाफाळतं भरीत तीन ताटांतून तिच्या पुढ्यात हजर! आजूबाजूची डोकी वळली. एकटी बाई, आणि आहार केवढा!

"चूक तुमची नाही," शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. "बटण दाबलं गेलं की त्याने तसं सांगायला हवं. हे बेणं गप्प बसतं."

तिने मान वळवली. किडकिडीत, चष्मेवाला, आणि हसू दाबायचा प्रयत्न अजिबात न जमलेला असा एक तरुण होता.

"तुम्ही काय, पडद्यांचे वकील का?"

"तसंच समजा. एक ताट इकडे द्या, तेवढाच तुमचा भार कमी."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्याचं दोघं मिळून बघू की."

बघितलं. तिखटाने दोघांच्या नाकाडोळ्यांना पाणी आलं, ताट मात्र लख्ख झालं. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. ऑफिसच्या पायऱ्या चढताना भूमिकाला उगाचच रुखरुख लागली, आणि रुखरुख लागली म्हणून स्वतःचा रागही आला.

आता भूमिकाची नोकरी सांगायला हवी. मुलगी बोदवडची, कापूस-केळीवाल्या शेतकऱ्याची. शिकली पुण्यात, पण राहिली जळगावात. इथल्या एका नवउद्योग केंद्रात ती कल्पना पारखायचं काम करते. नवा धंदा काढणारी पोरं येतात, आपली कल्पना मांडतात. त्यात दम आहे की नुसता फुगा, हे भूमिका बघते. कल्पना पास झाली तर केंद्रात वर्षभर जागा आणि मदत, नाहीतर रामराम. पोरांनी तिचं नाव 'कात्री' ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

दुपारचा अर्जदार दार ढकलून आत आला आणि तिच्या हातातलं पेन थांबलं.

"नमस्कार. मी नवल, धुळ्याचा." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "अरे! ... जेवण झालंय ना तुमचं?"

केंद्राचे प्रमुख जीवराम सर शेजारीच बसले होते. भूमिकाने चेहरा शक्य तितका कोरडा ठेवला. "बसा. कल्पना सांगा."

कल्पना अशी होती. कुणालाही ॲप काढायचं झालं, तर ते कशासाठी ते साध्या मराठीत सांगायचं. नवलचं सॉफ्टवेअर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर सगळे पडदे, बटणं, रचना काढून देणार. एवढं तर बरेच जण करतात. नवलची खरी करामत पुढे होती. त्याच्या यंत्रात माणसं होती! म्हणजे शिरपूरकडच्या खेड्यांतून तो हिंडला होता, लोकांच्या हातात वेगवेगळे पडदे दिले होते, ते काय म्हणाले ते ऐकून त्यावर यंत्राला शिकवलं होतं. आता नवा पडदा दाखवला की यंत्रातल्या आबा-अक्का तो वापरून बघणार आणि कुठे अडलं ते सांगणार. खेड्यात न जाता खेड्याचं मत मिळणार.

"मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर शहरातला माणूस ठेवून पडदे काढतात," तो भरभर बोलत होता. "आमच्याकडच्या माणसाला विचारतं कोण? मी विचारलंय."

जीवराम सर खूश झाले. भूमिकालाही कल्पना आवडली, हे कबूल करायलाच हवं. "भूमिका, दोन आठवड्यांत बघून सांग," सर म्हणाले. "तुझा शब्द शेवटचा."

निघताना नवलने सांगितलं की सुरतेच्या एका कंपनीत त्याची नोकरी ठरलेली आहे. इथे जागा मिळाली तर तो ती सोडणार, नाही मिळाली तर पुढच्या एक तारखेला तिथे हजर होणार. "घरी सांगून ठेवलंय. ही शेवटची उडी."

"असं सांगून माझ्यावर दडपण आणताय?"

"छे हो! पडद्याचा वकील आहे, पक्षकाराचं सांगणारच."

दोन आठवडे तो रोज यायचा. ती प्रश्न विचारायची, तो उत्तरं द्यायचा, मध्ये चहा व्हायचा. तो बोलत असला की तिचं लक्ष मुद्द्यावरून त्याच्या बोटांवर जायचं, मग ती स्वतःला दटावून पुन्हा मुद्द्यावर आणायची. एकदा तिच्या केसांत कापसाचा धागा अडकला होता. "इथे..." म्हणून त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. तो अर्ध्यावरचा हात तिला दिवसभर आठवत राहिला. कात्री म्हणे! कात्रीची धार कुठल्या कुठे गेली होती.

पण काम ते काम. एके दिवशी तिने मुद्दाम एक वाईट पडदा बनवला. अगदी भरीत केंद्रातल्यासारखा! बटण दाबलं तरी काही कळत नाही, मागे जायची सोय नाही, अक्षरं मुंगीएवढी. तो यंत्राला दिला. यंत्रातल्या सगळ्या आबा-अक्कांनी तो वापरला आणि एकमुखाने अहिराणीत निर्वाळा दिला... भारी शे, काही अडचण नही.

"असं होऊ नये," नवल पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला. "लोकांनी जे सांगितलं, तेच मी भरलंय."

"मग लोकांनाच विचारू. कुठून सुरुवात केली होतीत?"

चोपड्यामार्गे शिरपूर, आणि तिथून पुढे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. एसटीत खिडकीशी ती, शेजारी तो, आणि मधे लॅपटॉपची बॅग. गारठा होता. खड्डा आला की बॅग सरकायची, दोघंही ती सावरायला हात घालायची, आणि दोघंही लगेच बाहेर बघायला लागायची. एका खिडकीतून दोघं किती बाहेर बघणार!

गावात वच्छलाबाईंचं घर होतं. नवल त्यांचा कुणी लागत नव्हता. सहा महिन्यांपूर्वी पडदे दाखवायला म्हणून दारात आला होता, एवढीच ओळख. पण बाईंनी लांबूनच ओळखलं.

"ये बेटा! बठ माय. चहा मांडस मी."

चहा झाला, शेवचिवडा झाला. मग भूमिकाने तो वाईट पडदा फोनवर काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी दाबलं, पुन्हा दाबलं. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी फोन हळूच खाटेवर ठेवून त्यांनी तोंडभर हसून सगळ्यालाच पसंती दिली, "भारी शे बेटा. बठ्ठं भारी शे!"

नवल आशेने भूमिकाकडे बघायला लागला. भूमिका उठून बाईंच्या मागोमाग चुलीपाशी गेली. तिकडे वच्छलाबाईंचे यजमान, पुना आबा, जेवायला बसले होते.

"भाजीमा मीठ नही शे," आबा पहिल्याच घासाला म्हणाले.

"मीठ पुढे शे. तुमना हात मोडनात का?" बाई म्हणाल्या. "आनि काल ते कुलूप आनं तुम्हीन, ते तरी धड शे का? किल्लीच फिरस नही!"

भूमिका बघतच राहिली. ह्याच का त्या मघाच्या? तिने हळूच विचारलं, "अक्का, फोनवर खरंच काही अडलं नाही?"

"अडनं ना!" वच्छलाबाई पटकन बोलून गेल्या. "दोनदा दाबं, काईच व्हयनं नही."

"मग सांगितलं का नाही?"

बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू ह्या शिकलेल्या पोरीला साधी रीतही ठाऊक नाही. "आवं माय, पाव्हनाले कोनी नावं ठेवतस का? तो पोऱ्या इतला दूरथून उना. त्याले सांगानं का, तुनं काम खराब शे म्हनीसन?"

मागे दारात नवल उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

घ्या! गावोगाव तो गेला, लोकांनी खाट टाकली, चहा पाजला, आणि त्याच्या प्रत्येक पडद्याला भारी म्हटलं. तो पाहुणचार त्याने इमानेइतबारे यंत्राला शिकवला. बाहेरचा कुणी असता तर त्याला एकवेळ शंका आली असती. पण नवल धुळ्याचा. लोकांच्या घरी अळणी भाजी 'वा वा' म्हणत खायची, हे त्यालाही लहानपणापासून आईने शिकवलेलं. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटणार कसं?

परतीच्या एसटीत तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता. चोपडा आल्यावर म्हणाला, "अहवालात काय लिहिणार?"

"पाहिलं ते."

"हं."

भूमिकाला रडू यायला लागलं होतं. हा माणूस तिला आवडला होता. आवडला होता म्हणजे अगदी सकाळी उठल्याबरोबर आठवण्याइतका. खरं लिहिलं तर तो सुरतेला जाणार. खोटं लिहिलं तर वर्षभर समोरच्या टेबलावर बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अहवाल लिहायला बसली. ऑफिसात एक सोयीचा शब्द होता, 'आशादायक'. कुणाचं मन मोडायचं नसलं की तो लिहायचा. तिने तो लिहिला. वाचला. नवल वर्षभर ह्या शब्दावर इमारत बांधत बसेल, आणि मग एखाद्या खेड्यातली अक्का खरोखरच्या औषधाच्या नाहीतर पेन्शनच्या ॲपवर अडून बसेल आणि यंत्र म्हणेल, भारी शे... भूमिकाने शब्द खोडला. लिहिलं, 'कल्पना चांगली, पाया चुकीचा. या खेपेला नको.' पाया नव्याने कसा घालता येईल, तेही खाली सविस्तर लिहिलं. आणि जीवराम सरांकडे पाठवलं, मन बदलायच्या आत.

मेलवर कळवायची पद्धत होती. पण तिने नवलला मेहरूण तलावावर बोलावलं. ऊन कलतं होतं, पाण्यावर वारा होता. तो आला, आणि तिने प्रस्तावना केलीच नाही.

"नाही," ती म्हणाली. "जागा नाही मिळाली. मीच नको लिहिलं."

तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर लिहिलंत."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो ना! काल रात्रीपासून स्वतःवर. सहा महिने हिंडलो, आणि एक माणूस मला खरं बोलला नाही. पहिल्या तुम्ही." तो थांबला. चष्मा काढून पुसायला लागला. "भूमिका... एक विचारू? कामाचं नाही."

"विचारा."

"मी... म्हणजे माझ्याबद्दल तुमचं मत काय?"

तिला एका शब्दात सुटता आलं असतं. 'भारी' म्हणायचं, हसायचं, आणि एसटी स्टँडपर्यंत सोडून यायचं. पाहुण्याला करतात तसं.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"बोलता फार भरभर. समोरच्याला श्वास घेऊ देत नाही." तिने सुरुवात केली, आणि मग तिला थांबता येईना. "चहा फुर्र करून पिता, सगळं ऑफिस वळून बघतं. थंडीत स्वेटर घालत नाही आणि मग दिवसभर शिंकता. विनोद स्वतःच करता आणि आधी स्वतःच हसता. कुणाचा हात धरायचा असला की अर्ध्यावरून परत नेता. त्या दिवशी माझ्या केसांतला धागा तसाच राहिला!"

नवल आ वासून ऐकत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं.

"एवढी नावं ठेवलीत..." तो म्हणाला. "इतकं तर फक्त आमची आई बोलते मला."

"मग? परक्याला कोण बोलतं एवढं?" भूमिका म्हणाली, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

तलावाच्या कडेने एक म्हातारं जोडपं भांडत भांडत गेलं.

"सुरत लांब नाही," नवल म्हणाला. या वेळी मात्र हळू, एकेक शब्द सुटा. "थेट गाडी आहे. रविवारी येत जाईन. गावं पुन्हा पहिल्यापासून करायची. पण आता तासाभराच्या भेटीत नाही विचारायचं. लोकांकडे राहायचं, त्यांच्या शेतात राबायचं, ते आपल्याला शिव्या घालेपर्यंत. तुम्ही... याल?"

"येईन. पण अहो-जाहो पुरे झालं."

"आता माझं मत ऐक. तू निर्दय आहेस," नवल लगेच म्हणाला. "हट्टी आहेस. शेवट आधी सांगतेस आणि कारण मागून. माणसाला सुरतेला पाठवतेस आणि वर स्वतःच रडतेस."

"मी कुठे रडतेय?"

"आणि खोटं तर तुला बोलताच येत नाही," असं म्हणून त्याने हात पुढे केला, आणि या खेपेला तो परत नेला नाही.